पुसण्याचा आवाज

बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या घरी अहल्याबाई दोन कपांत दुपारचा चहा गाळत होत्या, तेवढ्यात फडताळावरचा जुना ट्रान्झिस्टर गुणगुणायला लागला. त्यात सेल नव्हते.

आवाज त्यांनी लगेच ओळखला. तीस वर्षांपूर्वी इथल्याच एका संस्थेत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचा सगळा कारभार सांभाळणारा मूळ प्रोग्राम अहल्याबाईंनी लिहिला होता. हाच ट्रान्झिस्टर त्या यंत्राशेजारी ठेवायच्या. यंत्राचं काम त्यात घुमायचं आणि कुठवर आलंय ते नुसत्या कानाला कळायचं. असा लांबलचक, जाडा सूर लागला, की समजायचं, यंत्राच्या स्मृतीतलं जुनं सगळं पुसणं चाललंय. पुसून झालं की तीन टिचक्या.

प्रोग्रामवर नाव मात्र नवऱ्याचं लागलं. "अगं, तुझं-माझं काय वेगळं आहे का?" हेमचंद्र तेव्हा गोडीगुलाबीनं म्हणाले होते. आज त्याच कामाबद्दल त्यांचा सत्कार होता.

बाहेरच्या खोलीत ते फोनवर बोलत होते. "ना भाई, एक ज खुरशी राखजो. घरमां हुं एकलो ज छुं."

अहल्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गाळणी आपटून त्या तरातरा दारात गेल्या. "एकच खुर्ची? घरात एकटे? अहो, मग मी कोण?"

हेमचंद्रांनी मानही वर केली नाही. कोटाची बटणं लावत, त्यांना जवळजवळ घासून ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी थबकले.

ट्रान्झिस्टरमध्ये तीन टिचक्या वाजल्या.

"हा दुसरा कप कुणाचा?" ते स्वतःशीच पुटपुटले.