रविवारची तयारी

वृद्धाश्रमातले साहेब दर रविवारी सकाळीच दाढी करून तयार व्हायचे. मुलगा आज न्यायला येणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसायची. त्यांना सांभाळणाऱ्या ताई इस्त्रीचा शर्ट घालून द्यायच्या आणि फाटकासमोर खुर्ची मांडायच्या.

"ताई, येईल ना तो?"

"न यायला काय झालं? बॅगसुद्धा भरून ठेवलीय मी."

संध्याकाळ झाली की ताईच बॅग उपसून कपडे परत कपाटात लावायच्या.

नव्या नर्सला ते बघवेना. "ताई, मुलगा घर विकून कायमचा परदेशी गेलाय. पुन्हा फोनही करू नका, असं ऑफिसात बजावून गेलाय. एकदाचं सांगून टाका ना त्यांना. रडतील चार दिवस, पण सुटतील तरी."

ताईंनी शर्टाची घडी नीट बसवली.



"हे कारखान्यात मॅनेजर होते, तेव्हा माझा नवरा हात जोडून सांगत होता की लिफ्टचा दोर तुटायला आलाय. यांनी हसून त्याची पाठ थोपटली आणि त्याला वर पाठवलं. इतक्यात नाही सुटू द्यायचं मला यांना."