दंडावरची काळूबाई

“नवरा मारत नाही अशी अंगावरची एखादी जागा सांग गं,” लोखंडे सिस्टर रडकुंडीला आली होती. एचआयव्हीवरची वर्षभर पुरणारी औषधाची काडी फुलवंतीच्या दंडात कातडीखाली बसवायची, आणि तिच्या नवऱ्यानं, बाजीनं, ती लाथ घालून मोडायची, असं दोनदा झालं होतं. आरोग्य केंद्रातल्या तपासणीच्या मशीननं ठणकावलं होतं, “निष्काळजी रुग्ण. ही काडी शेवटची.”

फुलवंतीनं सुजलेला डोळा मिचकावला. “दंडातच बसवा, बाई. आमचं ध्यान काळूबाईला लय भितंय.”

बाजारात जाऊन तिनं काडीच्या बरोबर वर काळूबाई गोंदवून घेतली. संध्याकाळी बाजीनं पाय उचलला, तर समोर देवी! गडी कान धरून पाया पडला. फुलवंती मनात खुदकन हसली.

मग देवीनं बघू नये म्हणून बाजीनं तिच्या दंडाला भक्तिभावानं फडकं बांधलं. बाकीची फुलवंती त्याला मोकळीच होती.

सकाळी शेजारणींनी तिला हातगाडीवर घालून केंद्रात आणलं. जबडा निखळलेला, बरगड्या मोडलेल्या. मशीननं दंड तपासला, हिरवा दिवा लावला आणि गोड आवाजात सांगितलं, “अभिनंदन! काडी शाबूत आहे. तब्येत उत्तम. पुढच्या वर्षी या.”