ऑपरेशनची आदली संध्याकाळ

चिमणीनं हात पुढे केला आणि तिची बोटं हवेतच मिटली.

तिच्या डोळ्यांवर व्हीआरचा काळा, जाडजूड चष्मा होता. चष्म्याच्या आत वॉर्ड होता, कॉट होती आणि कॉटवर बसलेली पन्नाशीची पेशंट होती. बाहेर मात्र नर्सिंग कॉलेजची रिकामी खोली, भिंतीकडे सरकवलेल्या खुर्च्या आणि टेबलाशी बसलेल्या मॅडम. चिमणीला जे दिसत होतं, तेच मॅडमना समोरच्या पडद्यावर दिसत होतं.

बाकीच्या मुली परीक्षा देऊन गेल्या होत्या. या चष्म्यातल्या वॉर्डात प्रसंग बरेच होते. हार्ट अटॅक, भाजलेला कामगार, अडलेली बाळंतीण. मुलींनी त्यांचीच घोकंपट्टी केली होती. मॅडमनी ऐन वेळी निवडला तो सगळ्यात बिनधोक प्रसंग. पेशंट शुद्धीवर, ताप नाही, रक्तदाब ठीक. स्तनातली गाठ उद्या सकाळी काढायची. मनगटावरची पट्टी तपासायची, शेवटचं कधी खाल्लं ते विचारायचं, अंगठी आणि कानातलं काढून घ्यायचं. भीती वाटते का, असं विचारायचं. पेशंट "नाही" म्हणते. मग झोपेची गोळी द्यायची, की सुटलो. "मॅडमना आज दया आली," असं म्हणत मुली खिदळत जिना उतरल्या होत्या.

दया हा मॅडमचा प्रांत नव्हता. चादरीवर एक सुरकुती दिसली, तर त्या अख्खी कॉट पुन्हा करायला लावत. चष्मे कॉलेजात आले तेव्हा, "हवेला इंजेक्शन टोचून कोणी नर्स होत नाही," म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं. मग सगळ्यांच्या आधी त्याच ते चालवायला शिकल्या. ही परीक्षा खरं तर महिनाअखेरीस व्हायची. पण पुढच्या आठवड्यापासून मॅडम रजेवर जाणार होत्या, म्हणून त्यांनी ती अलीकडे ओढली. रजा कशासाठी, असं विचारल्यावर "घरचं काम आहे" एवढंच म्हणाल्या. एकटीच्या घरात एवढं काय काम, असं प्राचार्यांच्या मनात आलं. पण मॅडमना उलट विचारायची कोणाची टाप नव्हती.

चिमणी वर्गातली सगळ्यात हळू बोलणारी. तोंडी परीक्षेत तिची दातखीळच बसायची. आज मात्र तिचं बरं चाललं होतं. पट्टी झाली, खाणं झालं, अंगठी झाली.

"भीती वाटते का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"भीतीबिती काही नाही हो," चष्म्यातली पेशंट म्हणाली. "तुम्ही तुमचं उरका."

इथे सगळ्या मुलींनी गोळीकडे हात नेला होता. चिमणी थांबली. ती थांबली म्हणून प्रोग्रॅमही थांबला. पेशंट नुसती डोळ्यांची उघडझाप करत राहिली.

"गोळी," मॅडमनी आठवण करून दिली. "मार्क जातील."

"मॅडम, शेजारचं स्टूल रिकामं आहे. उद्या ऑपरेशन, आणि आज यांच्याजवळ कोणीच कसं नाही?"

"चित्र आहे ते. स्टूल काढायचं सुचलं, माणूस काढायचा राहिला. गोळी दे आणि मोकळी हो."

"जाऊ देत मार्क," चिमणी पुटपुटली. पेशंटचा हात धरायला तिनं हात पुढे केला, आणि बोटं हवेत मिटली. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

मॅडम उठल्या. टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्यांनी आपला हात त्या बोटांमध्ये दिला.

चिमणी दचकली. हात कोणाचा ते तिला कळलंच, तिथे दुसरं होतं कोण? पण तिनं तो सोडला नाही. चष्माही काढला नाही.

"गार पडलाय हात," ती म्हणाली. "खरं सांगा. वाटतेय ना भीती?"

पडद्यावरच्या पेशंटला याचं उत्तर कोणी शिकवलेलं नव्हतं.

"वाटते," मॅडम म्हणाल्या. "फार वाटते. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. हेच. बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही."

चिमणीनं दुसऱ्या हातानं चष्मा वर केला, डोक्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. आता ही रडणार, नाहीतर धीराचं काहीतरी पुस्तकी बोलणार, याची त्यांना धास्ती वाटली. आपण शिकवलेलंच बोलेल, आणि ते ऐकून घ्यावं लागेल.

"मंगळवारी किती वाजता येऊ, मॅडम?" चिमणीनं विचारलं.