मुलाकडचा घसा

शहात्तर साली भवानी पेठेतल्या सत्तरीच्या गुरप्पांचा टॉन्सिल सुजला तेव्हा घरातले सगळे हसले. हे तर पोराटोरांचं दुखणं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर मात्र हसले नाहीत. "लिम्फोमा आहे, म्हणजे कॅन्सरच. टॉन्सिलमधला असला प्रकार मी फक्त पुस्तकात वाचला होता," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून शिकाऊ डॉक्टर बॅटऱ्या घेऊन गुरप्पांच्या खाटेपाशी रांग लावू लागले.

भेटायला आलेले व्याही मल्लिनाथ ती रांग बघून बेचैन झाले. ते मुलाकडचे. मुलीच्या बापाकडं जे जे आलं, ते त्यांच्याकडं आधीच आलेलं असायचं: रेडिओ, गॅसची शेगडी, अगदी डायबिटीससुद्धा. ते तडक डॉक्टरांसमोर जाऊन बसले आणि त्यांनी मोठा आ केला.

"माझाबी घसा बघा. नीट बघा की!"

डॉक्टरांनी नीट बघितला. "अहो, तुमचा घसा ठणठणीत आहे."

मल्लिनाथ तोंड पाडून परत आले आणि गुरप्पांच्या पायथ्याशी बसून राहिले. शेवटी गुरप्पांनीच घोगऱ्या आवाजात समजूत काढली.

"व्याही, मांडवात पहिला हार तुमचा, पंगतीत पहिलं पान तुमचं. मी कधी कुरकुर केली का?

आता मरायला तरी मला आधी जाऊ द्या की."