बेटाचा कान

प्रसेनजीतला बेट लागलं नाही. पण हे आपल्याला अजून माहीत नाही असं समजू. दिवस बुडायला अवकाश आहे, प्रसेनजीत शिवाजी पेठेतल्या घराच्या माळ्यावर रेडिओपुढं ताठ बसलाय आणि बेट त्याचंच आहे.

बेट पार दक्षिणेच्या समुद्रात होतं. तिथं माणूस राहत नाही. पेंग्विन राहतात, पण त्यांना रेडिओची आवड नाही. म्हणून चार परदेशी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आठवडाभरासाठी सेट घेऊन तिथं उतरले होते. त्यांची परतीची बोट उद्या होती. जो त्यांच्याशी बोलेल त्याला पोस्टानं बेटाचं कार्ड येणार. असे चौघे पुन्हा कधी जातील हे पेंग्विननाही ठाऊक नव्हतं. प्रसेनजीतनं कार्डासाठी भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. त्याच्या आईनं, धोंडुबाईनं, "कार्ड येईस्तोवर" म्हणून त्यावर पिठाची चाळण अडकवली होती.

आणि बेट ऐकू आलं. चौदा एकशे पंच्याण्णव फ्रिक्वेन्सीवर. बारीक, पण स्वच्छ.

कोल्हापूरच्या हॅम मंडळींचा नियम एकच. लांबचं स्टेशन सापडलं की आधी जवळपास बोलायच्या छोट्या सेटवर सगळ्यांना सांगायचं, मग आपण बोलायचं. नियम चांगला होता. फक्त पन्हाळ्याच्या सयाजीकाकांचा अँटेना त्यांच्या घरापेक्षा मोठा होता. ते बोलायला लागले की प्रसेनजीतचा घरी जोडलेला सेट असून नसल्यासारखा.

"बेट सापडलंय," प्रसेनजीतनं छोट्या सेटवर सांगितलं. "चौदा दोनशे."

आकडा पाचनं वाढवला. बाकी नियम पाळला.

मग तो एकशे पंच्याण्णववर बेटाला हाका मारत सुटला. बेट भलत्यांनाच उत्तरं देत होतं. मधेच कुणीतरी त्याच्यावर इंग्रजीत खेकसलं. त्यानं मनावर घेतलं नाही. इतक्या लांबून खेकसलेलं ऐकू येतंय म्हणजे अँटेना झकास.

तेवढ्यात बेटानं सयाजीकाकांचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, घेतला. पाठोपाठ मलकापूरच्या वर्षाराणीबाईंचा. आणि मग बेट दर वेळी सांगत होतं तेच त्यानं परत सांगितलं: इथं हाका मारू नका, मी बोलतोय इथं, पण ऐकतोय पाच आकडे वर. प्रसेनजीतनं हे पहिल्यांदाच ऐकलं. आधी ते सांगितलं जायचं तेव्हा तो एक तर खोटं बोलत होता, नाहीतर ओरडत होता.

पाच वर म्हणजे चौदा दोनशे.

त्यानं घाईनं बटण फिरवलं. तोवर दिवस बुडाला, आणि त्याबरोबर बेटाचा आवाजही.

छोटा सेट खरखरला. "लागलं की रं बेट!" सयाजीकाका. "दोनशेवर गेलो तर ही जत्रा भरल्याली. म्हटलं, गर्दी हितं हाय म्हंजे बेट जरा खाली बोलत आसणार. घावलं! आरं, बेटाचं तोंड कुठं हाय त्ये कुणीबी सांगतंय. तू कान कुठं हाय त्ये सांगितलास!"

"मला तर दुसऱ्याच हाकेला लागलं," वर्षाराणीबाई म्हणाल्या. "तुमचं कधी झालं, प्रसेनजीतभाऊ?"

"माझं राहू द्या."

"बघा!" सयाजीकाका गहिवरले. "सोता उपाशी राहून पंगत वाढली पोरानं. चांगला पोरगा हाय. येत्या मीटिंगला शाल-श्रीफळ!"

खालून धोंडुबाईनं विचारलं, "व्हय रं, चाळण काढू का?"

"राहू दे."

त्यानं घसा साफ केला आणि छोट्या सेटचं बटण दाबलं.

"सर्व स्टेशनांना कळविण्यात येते की शाल व श्रीफळ रद्द समजण्यात यावे, तसेच प्रस्तुत स्टेशनास उद्देशून वापरण्यात आलेले 'चांगला पोरगा' हे शब्द तातडीने मागे घेण्यात यावेत, ही नम्र विनंती."