दाराखालचा पत्रा

“ग्राइंडरच लावा बाबा. चकती फिरली की काम फत्ते.”

“आणि ठिणग्या कुठे जातील? मागे वायरी आहेत. गाडी दुरुस्त करायची आहे, पेटवायची नाही.”

मुलगी गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर बाबांची जुनी गाडी, चाकांऐवजी लाकडी ओंडक्यांवर. दाराखालचा पत्रा मागच्या हिवाळ्यात बाबांनी नवा बसवला होता. आता त्याच्यावरच्या रंगाला फोड आले होते.

बाबांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकत नेलं. टण, टण, टण, मग भद्द.

“इथून गेला. पुन्हा.”

“आतल्या बाजूला रंग पोचत नाही. ओल अडकते,” ती म्हणाली. ती रसायनशास्त्र शिकलेली, त्यामुळे गंजाबद्दल घरात तिचाच शब्द शेवटचा. “चांगला पत्रा लागेपर्यंत कापायला हवं.”

बाबांनी गंजावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

“शी, बाबा!”

“चव बघतोय. तुमच्या प्रयोगशाळेत बघत नाहीत?”

“बघणारे फार दिवस टिकत नाहीत.”

बाबा हसले. आई गेल्यावर वर्षभर ते हसले नव्हते. मग एकदा त्यांनी गाडीवरची ताडपत्री काढली, आणि दर रविवारी ती मदतीला यायला लागली.

टेबलावरचा फोन वाजला. दादा होता. तिने स्पीकर लावला.

“झाली का गाडी? बाबांची खोली केव्हाची तयार आहे.”

“गाडी झाली की तीच चालवत येतो, म्हटलंय ना,” बाबा म्हणाले. “शब्द दिलाय.”

“तुमची गाडी म्हणजे मारुतीचं शेपूट झालंय. तायडे, तू तरी जरा हात उचल.”

“मी तर ग्राइंडर लावा म्हणतेय,” ती म्हणाली. “तेच ऐकत नाहीत.”

दादाचं शहर रेल्वेने पुरत्या दिवसाच्या वाटेवर होतं. तिथून कोणी रविवारपुरतं येत-जात नसतं. तिने फोन ठेवला आणि हत्यारांची पेटी पुढे ओढली.

“मग कात्री?”

“कात्रीने कडा मुडपते. नवा तुकडा बसताना नखरे करतो.”

“छिन्नी?”

“तू खाटीक आहेस का?”

शेवटी बाबांनी करवतीचं अर्धं पातं उचललं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि ड्रिलने पाडलेल्या भोकात घातलं. पातं खरखरत इंच इंच पुढे सरकू लागलं. ती बॅटरी धरून बसली. दोघं आईच्या ड्रायव्हिंगबद्दल बोलले. खांबाला घासली तरी ती म्हणायची, खांबच मध्ये आला.

संध्याकाळी तुकडा सुटून खाली पडला. बाबांनी तो उलटा करून उजेडात धरला. आतून तो पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता.

“हट्टी गंज आहे,” ते म्हणाले. “हात धुऊन येतो. चहा टाकतो.”

आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला तशी ती उठली. पर्समधून मिठाची पुडी काढली. मागच्या रविवारी दुसऱ्या दाराखालच्या भोकातून फवारून झाल्यावर बाटलीत घोटभरच पाणी उरलं होतं. तिने फळीवरचे रंगाचे डबे सरकवले आणि मागे लपवलेली बाटली बाहेर काढली.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि तळाशी न विरघळलेल्या मिठाचा बोटभर थर होता.