सुट्टीपुरती गळती

शाळेच्या अंगणातला नळ तिसऱ्यांदा गळायला लागला आणि प्लंबरची पार शोभा झाली. शिपायानं फाटकातच अडवलं. "पुन्हा आलात? आता इथंच बिऱ्हाड थाटा." मोठ्या बाई तर हसल्याही नाहीत. "उद्यापासून सुट्टी लागतेय. आज नीट झाला नाही, तर मी दुसरा माणूस बघते," एवढं म्हणून त्या ऑफिसात गेल्या.

अवजारांची पिशवी आपटून तो नळापाशी बसला. अख्खं आयुष्य नळ बसवण्यात गेलेलं, आणि हा एवढासा प्लॅस्टिकचा नळ त्याच्या नाकावर टिच्चून गळत होता. नळात काही खोट नव्हती. पाणी झिरपत होतं ते भिंतीतल्या जोडातून, आणि नळाचं तोंड जरासं उजवीकडे वळलं होतं. त्यानं स्वतः टेप गुंडाळून, पान्यानं आवळून सरळ बसवला होता. आपोआप कसा वळेल?

मग त्यानं खाली पाहिलं. थेंब पडत होता तिथून मातीत बोटभर रुंद चर निघाला होता. दोन्ही काठांना खडे लावलेले. चर भिंतीच्या कडेकडेनं एका लिंबाच्या रोपापर्यंत गेला होता. रोप वीतभर, पण त्याचं आळं असं निगुतीनं केलेलं की बघत राहावं.

मागे कुजबुज झाली. तिसरीतली पोरं खांबाआड दाटीवाटीनं उभी होती. त्यानं वळून पाहताच सगळ्यांनी मिळून दोन वेण्यांच्या एका मुलीला पुढे ढकललं.

"कुणी फिरवला हा?"

"सगळ्यांनी," ती म्हणाली. "एकट्यानं हलतच नाही. तुम्ही फार घट्ट बसवता."

हसावं की रागवावं, त्याला कळेना. "पाणी वाया घालवू नये, हे शिकवत नाहीत वाटतं तुम्हाला?"

"वाया नाही जात, काका. सगळं झाडालाच जातं." मग तिचा आवाज बारीक झाला. "सुट्टीत शाळेला कुलूप असतं. मागच्या सुट्टीत आमचा पेरू वाळला."

त्यानं पाणी बंद केलं, नळ काढला, नवी टेप गुंडाळली आणि पुन्हा आवळून बसवला. गळका नळ मागे ठेवून जाणं त्याला जमण्यातलं नव्हतं. चरातलं पाणी हळूहळू मातीत जिरलं. मुलगी ओठ घट्ट मिटून रोपाकडे बघत होती. त्याला फार वाईट वाटलं.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी वाकून जोडाला हात लावून पाहिला. कोरडा ठणठणीत. "चला, झाला एकदाचा."

"नाही बाई," तो म्हणाला. "याचा भरवसा नाही. सुट्टीभर एक दिवसाआड येऊन बघावं लागेल."

"अहो, गळत तर नाहीये."

"आत्ता नाही. पण माझं काम कच्चं आहे, तुम्हीच म्हणता ना."

शिपाई खो खो हसला. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "बरं, या. किल्ली याच्याकडे असेल."

त्या आत गेल्या तशी मुलगी पळत वर्गामागे गेली आणि पत्र्याची झारी घेऊन आली. ती तिनं त्याच्या अवजारांच्या पिशवीत, पान्याशेजारी नीट ठेवली.